चौथा खूर

भिंगरीआत्याला कुणी बसलेली पाहिली असेल तर त्यानं पुढं यावं आणि सांगावं. ती जेवायची उभ्यानं, ताटली ओट्यावर ठेवून. चहा प्यायची दारात, एक पाय आत आणि एक बाहेर. बोलायची चालता चालता, त्यामुळं तिचं निम्मं बोलणं एका घराला ऐकू जायचं आणि उरलेलं पुढच्या घराला. संध्याकाळी दोन्ही घरं एकत्र येऊन वाक्य जुळवायची. पायाला भिंगरी लावून जन्माला आली म्हणून भिंगरी, आणि सगळ्या गल्लीची आत्या म्हणून आत्या. तिच्या सख्ख्या भावाला पोरबाळ नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

नवरा शिंपी. त्याला सगळे मास्तर म्हणत. सकाळी खिडकीशी मशीनवर बसला की उजेड सरेपर्यंत त्याची मांडी हलत नसे. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, या दोघांत उठबस वाटून घेतलीय. बसणं सगळं मास्तरनं घेतलं, उठणं हिच्या वाट्याला आलं.

घर दुमजली. वर दोन खोल्या, खाली तबेला. मास्तरच्या मशीनच्या बरोबर खाली घोडीची गव्हाण. घोडीनं पाय आपटला की वर बॉबिन उडायची. मास्तर घोडीला भीत असे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या मागून तो कधी गेला नाही, आणि पुढून जायची वेळ आली तर भिंतीला पाठ घासत जायचा. "लोकांच्या बायकांना सवत असते," तो म्हणायचा, "इथं मला आहे. तीही चार पायांची."

आत्याचा धंदा माल वाहायचा. खाली गोदाम, वर टेकडीवर वस्ती, मधे फरसबंदीच्या अरुंद, चढाच्या गल्ल्या. मोटारीला तिथं वळता येत नाही. पिठाची पोती, तेलाचे डबे, साबणाची खोकी, सगळं घोडागाडीनं वर जायचं. वरच्या किराणेवाल्याचा सगळा माल आत्याकडं होता, आणि त्याच्यावर तिचं घर चालत होतं. मास्तरच्या शिलाईनं मास्तरच्या दोऱ्याचा खर्च सुटायचा, एवढंच.

गोदामाच्या मागं एक हौद आहे. घोडेवाले सगळे सकाळी तिथं जमतात आणि घोड्यांचे खूर साफ करतात. कुणाचा घोडा कसा चालतो ते रस्त्यावर दिसतं, पण मालक कसा आहे ते हौदावरच दिसतं. पाववाला बायकोची जुनी सुरी आणायचा आणि ती परत नेऊन स्वयंपाकघरात ठेवायचा. त्याच्या घरी जेवायला कुणी जात नसे. खडीवाला तर खुराला हातच लावायचा नाही. लांबून बादलीभर पाणी फेकायचा आणि म्हणायचा, "झाली अंघोळ." दिवसभर खडी वाहणारा माणूस, म्हणायचा, "माझ्या घोड्याच्या खुरातून मी खडे काढत बसलो तर गाडीत भरू कधी?"

आत्या रोज करायची. पाऊस असो, ताप असो, एक दिवस चुकला नाही. कमरपट्ट्यात लोखंडी आकडा खोचलेला असायचा, तो काढायची, घोडीच्या खांद्याला खांदा लावायची आणि वाकायची. आकडा टाचेकडून बोटाकडं ओढायचा, उलटा नाही. उलटा ओढला तर खुराच्या मधला जो मऊ त्रिकोण असतो त्यात घाण रुतते. आधी पुढचा डावा, मग मागचा डावा, शेपटीमागून वळसा, मागचा उजवा, आणि शेवटी पुढचा उजवा. हाच क्रम, वर्षानुवर्षं. घोडीलाही तो पाठ. आत्यानं एक पाय खाली सोडला की घोडी क्रमातला पुढचा पाय स्वतःहून उचलून धरायची. नवीन माणूस बघत राहायचा.

"हिला तुम्ही शिकवलं?" कुणी विचारलं तर आत्या म्हणायची, "छे, तिनंच मला शिकवलं. मला कुठं वेळ होता?"

आता यातली खोट सांगतो. पहिला खूर आत्या असा करायची की त्यात तोंड बघावं. दुसराही चांगला. तिसऱ्याला तिची मान गोदामाच्या दाराकडं वळायची. आणि चौथ्यापर्यंत पोचली की तिचा एक पाय गाडीकडं निघालेला असायचा. आज पीठ किती, डबे किती, पहिली फेरी कुठली. दोन ओरखडे मारले, पाय सोडला, चल गं बये. चौथ्या खुराजवळ तिचे हात असायचे. ती स्वतः केव्हाच चढाला लागलेली असायची.

नालबंदानं तिला एकदा टोकलं होतं. नाला ठोकता ठोकता म्हणाला, "आत्या, तीन खूर तुझ्या घोडीचे आणि चौथा काय शेजाऱ्याचा?"

"चालते ना घोडी?"

"चालतेय."

"मग ठोक."

एका सकाळी घोडी चालेना. तबेल्यातून बाहेर काढली तर पुढचा उजवा पाय नुसता टेकवून उभी, जमीन गरम असल्यासारखी. आत्यानं खुरावर तळहात ठेवला. तव्यासारखा लागला.

वेळ वाईट होती. दर वर्षी नगरपालिकेची जनावरांची डॉक्टरीण येते, घोडेवाल्यांची तपासणी घेते. गोदामाच्या फरसबंद आवारात एकेक घोडा पळवून बघायचा. नीट पळाला तर गाडीचा परवाना वर्षभरासाठी पुढं. लंगडला तर तो बरा होईपर्यंत परवाना डॉक्टरणीच्या पेटीत, आणि तोवर त्या गाडीला कुठलाच घोडा जुंपायचा नाही. तपासणी आठवड्यावर आली होती. त्यात किराणेवाल्याकडं एक तीनचाकी टेम्पोवाला येऊन गेला होता. छोटा टेम्पो, फूटपट्टी घेऊन त्यानं गल्ल्या मोजल्या होत्या. किराणेवाला आत्याला तोंडावर म्हणाला, "तुझ्याशी जुनं नातं आहे, आत्या. पण माल आला नाही तर मी गिऱ्हाइकाला नातं विकू का?" म्हणजे परवाना थोडे दिवस जरी अडकला, तरी वरची वस्ती कायमची गेली.

नालबंद आला. चिमट्यानं खूर चारी बाजूंनी दाबत गेला. एका जागी घोडीनं असा हिसका दिला की तो मागं बसला.

"इथं आहे. माती आत शिरली, गळू धरलंय."

"काप मग."

"अजून पिकलं नाही. आत्ता कापलं तर नुसतं रक्त. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडव, कोंड्याचा गरम लगदा बांध, आणि गप बस. पिकेल, फुटेल, मोकळी होईल."

"किती दिवसांत?"

"गळवाला विचार."

"अरे, तपासणी आठवड्यावर आहे!"

"मग गळवाला तेही सांग," नालबंद म्हणाला आणि जाता जाता दारातून वळला. "आत्या, तुला ओळखतो म्हणून सांगतो. उघडून बघायचं नाही. तुझा आकडा त्या खुरापासून लांब."

आता या बाईला गप बस म्हणणं म्हणजे मास्तरला पळ म्हणण्यासारखं. खडीवाल्यानं दुपारनंतर आपला घोडा तिला वापरायला दिला, म्हणून माल थांबला नाही. पण सकाळ मोकळी. आत्या तबेल्यात आत-बाहेर, आत-बाहेर. बादली उचलून इकडं ठेव, तिकडं ठेव. दोरी सोडून पुन्हा तीच गाठ मार. थोड्या वेळानं खाली वाकायची आणि फडकं सोडायची.

वरून मशीन थांबायचं. "अगं, उघडलंस परत?"

"नुसतं बघते."

"बघायला आकडा लागतो?"

कारण त्याला आवाज ओळखू यायचा. खुरावर आकडा घासला की खर्र होतं, आणि ते खर्र त्याच्या पायाखालच्या फळ्यांतून वर यायचं. ती उकरायची. जरासं, अगदी जरासं, कुठवर आलंय बघायला. मग पुन्हा लगदा, पुन्हा फडकं. तासाभरानं पुन्हा.

मास्तर तोंडानं फार बोलणारा नव्हता. त्यानं पोत्याच्या जाड किंतानाचा एक बूट शिवला, तळाला जुन्या पिशवीचं चामडं, वर नाडी. खूर लगद्यासकट त्यात घालायचा. आत्या खूष. दुसऱ्या दिवशी तिनं नाडी दहादा सोडली. तेव्हा मास्तर जिना उतरून खाली आला, भिंतीला पाठ लावत घोडीपर्यंत गेला, डोळे अर्धे मिटून खाली बसला आणि बुटाचं तोंड मेणाच्या दोऱ्यानं शिवून टाकलं. घोडीच्या पायावरच. टाके मात्र सरळ.

"आता उघड," तो म्हणाला आणि आला तसा भिंत घासत वर गेला.

तिनं अर्धा दिवस दम काढला. मग वर गेली, त्याची कापडाची कात्री घेतली आणि टाके कापले. किंतान आणि चामडं, त्या कात्रीनं.

ती कात्री घरात कागदालाही लावायची नाही असा नियम होता. संध्याकाळी मास्तरनं ती कापडावर चालवली तर कापड चावलं गेलं. त्यानं धार बोटावर बघितली, मग आत्याकडं बघितलं.

"घोडीचा पाय आहे तो," तो म्हणाला. "तुझ्या मनातली खाज नव्हे."

इतक्या वर्षांत तो तिला असं कधी बोलला नव्हता. ती झाडू घेऊन स्वच्छ अंगण झाडायला गेली.

नालबंदानं येऊन बघितलं आणि कपाळाला हात लावला. "पाणी उकळायला ठेवून दर घडीला झाकण काढलंस, आत्या. पिकणार होतं ते आता खोल गेलं. तपासणीपर्यंत होत नाही. विसर."

तपासणीच्या आदल्या दिवशी खडीवाला आपला घोडा परत न्यायला आला. आत्या गाडी धूत होती. गाडीचं चाक तिनं इतकं घासलं होतं की रंग यायला लागला होता.

"काय म्हणते घोडी?"

"तुझं डोकं म्हणते."

"म्हणजे लंगडतेच." तो चाकावर टेकला. "आत्या, एक सांगू? आमच्या बापाच्या वेळची गोष्ट. उजवा दुखतो ना? मग डावाही दुखू दे."

"काय?"

"डाव्या खुरात, नालेच्या कडेला, एक चपटा खडा अडकवायचा. दोन्ही पाय सारखे दुखले की घोडं लंगडत नाही. नुसतं आखडून चालतं. डॉक्टरीण म्हणेल, वय झालं. वयावर परवाना अडवत नाहीत. नाहीतर माझा गेल्या वर्षीच अडवला असता, घोड्याचा सोड, माझाच."

"जीभ झडेल तुझी."

"झडू दे. आवाराच्या बाहेर आलीस की खडा काढ. अर्ध्या तासाचा खेळ. बघ बाई, मला काय. उद्या टेम्पो वर गेला की मला तुझी गाडी स्वस्तात दे, म्हणजे झालं."

"नीघ!"

तो हसत गेला. आत्या चाक घासत राहिली, पण फडकं एकाच आऱ्यावरून फिरत होतं.

सकाळी उजाडायच्या सुमाराला ती खाली उतरली. खडे शोधायला लांब जावं लागलं नाही. खडीवाल्याच्या गाडीतून सांडलेले गल्लीभर होते. तिनं एक उचलला, टाकला, दुसरा उचलला. तबेल्यात गेली. घोडीनं सवयीनं पुढचा डावा उचलून धरला. आत्यानं रोजच्यासारखा खूर साफ केला, लख्ख, आणि त्या लख्ख खुरात नालेच्या आतल्या कडेला खडा बसवला, आकड्याच्या मुठीनं ठोकून. बघत होती भलतीकडंच, भिंतीवरच्या खिळ्याकडं. घोडीनं पाय खाली ठेवला, उचलला, ठेवला. मान वळवून आत्याकडं बघितलं. मग मागचा डावा उचलून धरला, क्रमानं यायचा म्हणून.

आत्यानं तिला गल्लीत चार पावलं चालवलं. आखूड, ताठ, आणि अगदी सारखी. लंगड नाहीच.

वर खिडकी उघडली. "बरी झाली का गं?"

"झाली," आत्या म्हणाली, वर न बघता.

"बघ! म्हटलं नव्हतं, हात नको लावू?"

ती घोडीला ओढत निघाली.

आवारात घोड्यांची रांग लागलेली. डॉक्टरीण उंच, शांत बाई, कुणाला घाई करत नव्हती, आणि तेच आत्याच्या जिवावर येत होतं. एकेक घोडा येणार, तिच्यासमोर जाणार, वळणार, पळणार. डॉक्टरीण खाली बसून बघणार, कागदावर लिहिणार, पुन्हा बघणार. आत्यानं लगाम सारखा केला. पट्टा घट्ट केला, सैल केला, पुन्हा घट्ट केला. आयाळ विंचरली. पुढच्या पाववाल्याच्या घोड्याचीही विंचरून दिली.

"माझा घोडा सोड," पाववाला म्हणाला.

"गचपण झालंय नुसतं. बायको वेणी घालत नाही का याची?"

रांग हलेना. आत्यानं मान उंच करून बघितलं. डॉक्टरीण एका घोड्याचे दात मोजत बसली होती. दात! दातांनी ओढतो का घोडा गाडी? आत्याचा जीव नुसता फडफडत होता. काही तरी करायला हवं होतं, काहीही. डोळे डॉक्टरणीवर, आणि हात कमरेला गेला. खांदा घोडीच्या खांद्याला लागला. घोडीनं पुढचा डावा उचलला. आकडा टाचेकडून बोटाकडं फिरला. येताना रस्त्यावरची ओली माती भरली होती, ती पडली. आकडा नालेच्या कडेनं फिरला, कशाला तरी अडला, आणि आत्याच्या हातानं जे वर्षानुवर्षं केलं तेच केलं. मनगटाला झटका दिला.

फरशीवर टक्क झालं.

"आत्या!" मागं उभा असलेला खडीवाला ओरडला आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, काय केलंस हे?"

आत्यानं खाली बघितलं. खडा फरशीवर फिरत फिरत थांबला. घोडी मागचा डावा उचलून उभी.

"मी," आत्या म्हणाली. "मी... अरे, माझा हात..."

"हात गेला खड्ड्यात! घे, घे लवकर, अजून दोघं आहेत पुढं. घाल परत. मी आडवा उभा राहतो."

त्यानं खडा उचलून तिच्या मुठीत कोंबला आणि खरंच आपलं पोट पुढं काढून आडवा उभा राहिला. पाववाल्यानं मागं वळून बघितलं, आणि पाववाल्याला काही कळलं नाही, कारण पाववाल्याला कधीच काही कळत नसे.

आत्या वाकली. घोडीनं पुन्हा पुढचा डावा दिला. आत्यानं तो गुडघ्यावर घेतला आणि खडा कडेला धरला. तेव्हा तिला खांद्याशी काहीतरी जाणवलं. घोडीचं अंग कापत होतं. डावा पाय वर म्हणजे पुढचा सगळा भार उजव्यावर, दुखऱ्यावर. सकाळी आत्या भिंतीवरच्या खिळ्याकडं बघत होती तेव्हाही घोडी अशीच उभी असणार, कापत, आणि पाय काढून घेतला नसणार. आताही काढत नव्हती. घोडीच्या मानेवर घाम आला होता आणि सकाळची गार हवा होती.

आकड्याची मूठ उचलायची आणि एक ठोका. तेवढंच काम. आत्यानं मूठ उचलली. घोडीचा उजवा गुडघा लटकन वाकला आणि सावरला.

"ठोक ना!" खडीवाला पुटपुटला.

आत्यानं पाय खाली ठेवला. खडा खडीवाल्याच्या हातात दिला.

"घे. तुझ्या गाडीत घाल."

"आणि परवाना?"

"मला माहीत नाही. बोलू नकोस आता."

तिची पाळी आली. डॉक्टरणीच्या माणसानं लगाम धरून घोडीला पळवायला हात पुढं केला. आत्या मधे आली.

"पळवू नका. लंगडते. पुढचा उजवा."

डॉक्टरणीनं तिच्याकडं बघितलं. सकाळपासून असं सांगणारं हे पहिलं माणूस असावं. ती खाली बसली, उजवा खूर हातात घेतला, दाबला, वास घेतला. मग बोटानं एक जागा दाखवली.

"हे कुणी उकरलंय?"

"मी."

"कशानं?"

आत्यानं आकडा दाखवला.

"का?"

आत्या म्हणाली, "बसवत नाही मला."

डॉक्टरणीला हसू आलं की नाही कळलं नाही. तिनं कागदावर लिहिलं. "परवाना थांबतोय. खूर स्वच्छ, बंद, आणि कुणी हात लावायचा नाही. बरी झाली की आणा."

"आठवड्यात आणू?"

"बरी झाली की आणा, बाई."

"म्हणजे दहा दिवस?"

"पुढचा," डॉक्टरीण म्हणाली.

घरी जाताना आत्या घोडीच्या चालीनं चालली. एरवी पाच मिनिटांत संपणारी वाट. भाजीवाल्या बाया बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "आत्या, बरं नाही का?"

मास्तर खिडकीतच होता. तिचं तोंड बघून त्यानं मशीन थांबवलं. "बरी झाली म्हणालीस ना?"

"खोटं बोलले." ती दारात उभी राहिली, दोन्ही पाय आत. सगळं सांगितलं, खड्यासकट. मास्तर ऐकत होता. मधे एकदा त्यानं चष्मा काढून पुसला.

"मला वाईट याचं वाटतं," तो म्हणाला, "की सकाळी मी खूष झालो."

"शिव्या दे."

"येत नाहीत मला. तू देतेस माझ्या वाट्याच्या." तो उठला, किंतान काढलं. "पुढं काय?"

"किराणेवाला उद्या टेम्पो बोलावणार. संपलं."

मास्तर किंतानावर खडूनं रेघ मारत होता. "परवाना घोडागाडीचा थांबलाय," तो म्हणाला. "तुझा कुणी थांबवलाय?"

आत्यानं त्याच्याकडं बघितलं, आणि तिचा पाय आपोआप उंबऱ्याबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोदामातून हातगाडी घेऊन निघाली. हातगाडीला परवाना लागत नाही. ती कुणीही ओढावी, मोडून पडावं. दोन पोती, चार डबे. चढ सुरू झाला तशी ती पुढं वाकली, इतकी की नाक फरशीला लागायचं बाकी. हौदावरचे घोडेवाले बघत राहिले. खडीवाला म्हणाला, "आत्या, नाल ठोकून घेतलीस का?"

"ठोकायला तुझं टाळकं बघतेय!"

त्यानं आपला घोडा पाववाल्याच्या हातात दिला आणि चढाच्या पहिल्या वळणापर्यंत मागून गाडी ढकलली, शिव्या खात.

किराणेवाला दुकानाच्या पायरीवर उभा होता. टेम्पोवाला शेजारी, चहा पीत.

"घोडी कुठाय?"

"घोडी नाही. मी आहे. पोतं कुठं उतरवू?"

"अगं, तू अशी किती दिवस ओढणार?"

"ते गळू ठरवेल. पोतं कुठं उतरवू?"

किराणेवाल्यानं टेम्पोवाल्याकडं बघितलं, टेम्पोवाल्यानं चहाकडं. पोतं आत घेतलं गेलं. मग आत्या मोकळी गाडी घेऊन खडखडत खाली उतरली, दुसऱ्या फेरीसाठी. उतरताना गाडी तिला ओढत होती.

दिवस असेच गेले. ती सकाळी जायची ती अंधार पडायच्या आधी यायची, तळहाताला फोड, खांद्याला वळ. आली की तबेल्याच्या दारातून एकदा आत बघायची. नव्या बुटाचं तोंड शिवलेलं. कमरेचा आकडा मास्तरनं काढून घेतला होता, आणि दिला असता तरी बोटं वळत नव्हती. घोडीचा खूर पहिल्यांदाच निवांत होता, कारण आत्याचे हात दुसरीकडं जुंपलेले होते.

एक दिवस दुपारी मास्तरला मशीनवर वास आला. कुजका, घाण. तो खाली उतरला. आत्या नव्हती, कुणीच नव्हतं. तबेल्याच्या दारात तो बराच वेळ उभा राहिला. मग आत गेला. बुटाच्या शिवणीतून काळं पाणी झिरपत होतं, आणि घोडी चारी पायांवर उभी होती, उजव्यावर सगळ्यांत जास्त. मास्तरनं टाके उसवले. लगदा काढला. कोमट पाण्यानं धुतलं. पाय उचलायची त्याची छाती नव्हती, म्हणून त्यानं पाण्याची परातच पायाखाली सरकवली. घोडीनं परातीत पाय ठेवला आणि दुसऱ्या परातीची वाट बघत मागचा डावा उचलला.

"तो नको," मास्तर तिला म्हणाला. "तो नको गं बाई, तो ठेव."

आत्या आली तेव्हा नवरा ओलाचिंब, भिंतीला पाठ न लावता उभा.

"फुटलं," तो म्हणाला.

ती धावली.

"आधी हात धू," तो म्हणाला, आणि तिनं धुतले.

घोडी बरी झाल्यावर डॉक्टरणीनं ती पळवून बघितली आणि परवाना दिला. तोवर वस्तीच्या खालच्या अर्ध्या भागाचा माल टेम्पोवाल्यानं घेतला होता, तो परत आला नाही. वरचा चढ, जिथं टेम्पोचं मागचं चाक सुटतं, तो आत्याकडं राहिला. किराणेवाला म्हणाला, अर्धं का होईना, जुनं नातं आहे. आत्या म्हणाली, नातं राहू दे, पीठ दे.

अर्ध्या मालाला निम्मी सकाळ पुरते. उरलेल्या वेळेचं काय करायचं ते तिला अजून उमगलेलं नाही. ती गल्लीत फेऱ्या मारते, लोकांची अंगणं झाडते, खडीवाल्याच्या घोड्याचे खूर त्याला न विचारता साफ करते. तो म्हणतो, "आत्या, सोड गं, बादली मारतो मी." ती वाकलेलीच असते. चौथ्या खुरापाशी आली की तिची मान अजूनही गोदामाच्या दाराकडं वळते. मग ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटते, मान परत आणते, आणि आकडा पुन्हा टाचेपासून लावते.